पडदा काळा पडला म्हणून वही बुडत नाही

चंदगडचा पाऊस ज्याने एकदा अनुभवला आहे त्याला त्याचे वर्णन सांगायला नको. मृग लागला की गणपती उठेपर्यंत भिंती घाम गाळतात, मिठाच्या बरणीला पाणी सुटते आणि कपाटातल्या कापडाला बुरशी धरते. अशा हवेत आमच्या ओळखीच्या एका भावाच्या दुकानातला संगणक तीन आठवडे बंद राहिला. लग्नपत्रिका, बोर्ड, बिलबुके यांची कामे करणारे हे दुकान. घरच्या आजारपणातून मोकळे होऊन त्यांनी बटण दाबले, तेव्हा पंखा फिरला, दिवे लागले, पण पडद्यावर काहीच आले नाही. जीएसटीच्या विवरणपत्राची २० तारीख दोन दिवसांवर होती.

पेटी एस.टी.त घालून त्यांनी ती ३५-४० किलोमीटरवरच्या शहरात नेली. मेकॅनिकने पाहिले न पाहिले केले आणि सांगितले, "चाचा, ग्राफिक कार्ड गेलं. नवीन टाकतो, विंडोजही नवी भरून देतो." साडेचार हजार रुपये देऊन पेटी परत आली. पडदा उजळला होता, पण आत दोन वर्षांचा हिशेब नव्हता. विंडोज नवी भरताना हार्ड डिस्क पुसली गेली होती. पुढे दिवाळीत ते "मेलेले" कार्ड आम्ही मागून घेतले, त्याच्या सोनेरी कडेवरचा काळपटपणा साध्या खोडरबराने काढला आणि दुसऱ्या संगणकात बसवले. ते आजही चालते आहे.

म्हणजे दोष दमट हवेने साचलेल्या मळाचा होता, पैसे कार्डाला गेले आणि नुकसान हिशेबाचे झाले. असे प्रसंग आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांवर वारंवार येतात, म्हणून आजचा हा पाठ. शिवणयंत्राचा टाका चुकला तर आपण आधी सुई बघतो, मग दोरा, मग बॉबिन. एकदम मोटर बदलायला धावत नाही. संगणकाचेही तसेच आहे. बाहेरून आत जावे, फुकटाचे उपाय आधी करावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

चित्र पडद्यावर कसे येते?

ज्या पेटीला आपण सारे सीपीयू म्हणतो तिच्यात चित्र तयार होते, ते वायरीतून मॉनिटरकडे जाते आणि मॉनिटर ते दाखवतो. चित्र तयार करणारा भाग दोन ठिकाणी असू शकतो. कधी तो मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असतो, तर कधी वेगळे ग्राफिक कार्ड मदरबोर्डच्या खाचेत बसवलेले असते. हिशेब, पत्रे व फोटो मात्र हार्ड डिस्कवर असतात. तिचा या वाटेशी संबंध नाही. म्हणून पडदा काळा पडला तरी हिशेब जागच्या जागी असतो, हे पहिले ध्यानात ठेवावे आणि घाबरू नये.

पहिली पायरी : पेटी जिवंत आहे का?

संगणक चालू करून दोन मिनिटे थांबावे आणि कीबोर्डवरचे नम लॉक किंवा कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, किंवा स्पीकरमधून विंडोज सुरू झाल्याचा आवाज आला, तर पेटी काम करीत आहे. फक्त चित्र पोहोचत नाही. दिवा हलतच नसेल तर दोष रॅमचा, वीजपुरवठ्याचा किंवा मदरबोर्डचाही असू शकतो. रॅमची पट्टी सैल झाली तरी पडदा काळाच राहतो. "पडदा काळा म्हणजे ग्राफिक कार्ड गेले" हा समज येथेच सोडून द्यावा.

दुसरी पायरी : मॉनिटर

मॉनिटरची वीज चालू ठेवून पेटीकडून येणारी वायर काढावी. "नो सिग्नल" किंवा "केबल तपासा" अशा अर्थाची अक्षरे पडद्यावर आली, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. काहीच आले नाही, पण दिवा मात्र लागलेला आहे, तर वायर पुन्हा जोडून, संगणक चालू करून खोलीत अंधार करावा व विजेरीचा झोत तिरका टाकावा. पुसटसे चित्र दिसले तर पडद्यामागचा उजेड गेला आहे. पेटीला हात लावण्याचे कारण नाही. मॉनिटरच्या बटणांतून व्हीजीए किंवा एचडीएमआय यांपैकी योग्य मार्ग निवडलेला आहे का, हेही पाहावे. झाडलोट करताना बटण दाबले जाऊन मार्ग बदलल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

तिसरी पायरी : वायर आणि तिची जागा

जुन्या मॉनिटरला निळ्या तोंडाची व्हीजीए वायर असते. आयबीएम कंपनीने १९८७ साली आणलेल्या या पद्धतीत तीन रांगांत १५ पिनांची जागा असते आणि लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. म्हणून चित्र एकाएकी पिवळे किंवा गुलाबी दिसू लागले तर एखादी तार तुटली किंवा पिन वाकली असे समजावे. मधल्या रांगेतली एक पिन पुष्कळ वायरींत मुळातच नसते. ती मोडली म्हणून वायर फेकू नये. शेजारच्या दुकानातली चांगली वायर लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा.

आता पेटीची मागची बाजू पाहावी. वेगळे कार्ड असेल तर वायर जोडण्याच्या जागा दोन ठिकाणी दिसतात. वरच्या भागात, कीबोर्ड-माउसच्या जागांजवळ, मदरबोर्डची जागा. त्याखाली आडव्या पट्टीत कार्डाची जागा. कार्ड बसवलेले असेल तर वायर कार्डालाच जोडावी. टेबल हलवल्यावर वायर वरच्या जागेत खोचली जाते, पडदा काळा राहतो आणि बिचारे कार्ड बदनाम होते.

चौथी पायरी : पेटी उघडणे

येथे सावधगिरी हवी. भिंतीवरचे बटण बंद करून वायर पूर्ण काढावी. मग पेटीचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कोरड्या हातांनी पेटीच्या धातूला स्पर्श करावा आणि मगच आत हात घालावा. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची बंद डबी, तसेच मॉनिटरचे मागचे झाकण कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यांच्या आत धोक्याची वीज साठून राहते.

आधी रॅमच्या पट्ट्या काढाव्यात. सोनेरी कड मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावी, रबराचे कण कोरड्या ब्रशने झाडावेत आणि पट्टी "टक्" आवाज येईपर्यंत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावे. संगणक सुरू झाला तर काम झाले.

नाही झाला तर कार्डाकडे वळावे. त्याचा मागचा स्क्रू काढावा, खाचेच्या टोकाची छोटी कडी दाबावी आणि कार्ड सरळ वर उचलावे. हिसका देऊ नये. कड तशीच पुसून कार्ड पुन्हा बसवावे. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या कार्डांना एसएमपीएसमधून ६ किंवा ८ पिनांची वेगळी वायर लागते. ती निसटलेली असेल तर पंखा फिरूनही चित्र येत नाही.

तरीही पडदा काळाच, तर कार्ड काढून ठेवावे आणि वायर मदरबोर्डच्या जागेला लावावी. चित्र आले तर दोष कार्डात किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे, हे सिद्ध झाले. मात्र ही परीक्षा प्रत्येक संगणकावर चालत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ हे अक्षर असते त्यांच्या पोटात चित्राचा भाग नसतो. एएमडी रायझेनच्या ५००० मालिकेपर्यंत नावात जी असलेल्यांतच तो सहसा मिळतो. खरेदीच्या बिलावरील नाव पाहून मगच निष्कर्ष काढावा.

संगणक सुरू होताना बीप वाजत असेल तर तीही मोजावी. अवॉर्ड पद्धतीच्या मदरबोर्डांत एक लांब व दोन आखूड बीप म्हणजे चित्राचा दोष. इतर कंपन्यांचे संकेत वेगळे असतात. कित्येक नव्या मदरबोर्डांवर रॅम आणि व्हीजीए अशी नावे लिहिलेले बारीक दिवे असतात. ज्याचा दिवा लागून राहतो तिकडे दोष शोधावा.

सुरुवातीला चित्र येते, मग जाते

हा प्रकार निराळा आहे. चालू करताच कंपनीचे चिन्ह दिसते आणि विंडोज येण्याच्या वेळी पडदा काळा होतो, तर वायर, मॉनिटर आणि कार्ड बहुतेक ठीक असतात. दोष ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा असण्याचा संभव जास्त. प्रथम विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. त्याने ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. न जमल्यास विंडोज सुरू होत असताना पेटीचे बटण दाबून धरून बंद करावी. असे दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. तेथून सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढावा व कार्डाच्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच नवा घ्यावा. या कामासाठी हार्ड डिस्क पुसण्याची गरज नसते.

कार्ड खरेच गेले, हे कसे ओळखावे?

कंपनीचे चिन्ह दिसतानाच रंगीत चौकोन, पट्टे किंवा ठिपके येणे; तेच कार्ड दुसऱ्या संगणकात घातल्यावरही तसेच होणे; कार्डावरची छोटी नळकांडी फुगणे किंवा जळका वास येणे, ही खरी लक्षणे होत. काही ठिकाणी असे कार्ड गरम हवेने शेकून "जिवंत" करून देतात. सूक्ष्म जोड तेवढ्यापुरता धरतो आणि पुष्कळदा काही आठवड्यांत पुन्हा सुटतो. अशा दुरुस्तीला पैसे घालू नयेत आणि असे कार्ड दुसऱ्याला चांगले म्हणून विकू तर मुळीच नये. जुने कार्ड घेतानाही जपावे. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्या कामाला रात्रंदिवस जुंपलेली कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. अर्धा तास चालवून पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

आणि मुळात कार्ड हवेच का, हाही विचार करावा. बिले, हिशेब, पत्रव्यवहार, साध्या पत्रिकांचे डिझाइन एवढेच काम असेल तर प्रोसेसरच्या पोटातली सोय पुरते. ती तुमच्या संगणकात असेल तर नव्या कार्डाचा खर्च वाचला.

मेकॅनिककडे जाताना

इमानदार मेकॅनिक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मेहनतीचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. पण आपण काय काय तपासले ते कागदावर लिहून न्यावे. "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" हे पावतीवर लिहून घ्यावे. दुरुस्ती चित्राचीच असेल तर शक्यतो हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी. तिला यूएसबीची जोडवायर लावून दुसऱ्या संगणकावर हिशेब उघडता येतो आणि विवरणपत्राची तारीखही चुकत नाही. बदललेला जुना भाग परत मागावा. तो आपला माल आहे.

चंदगडच्या हवेसाठी चार गोष्टी

पावसाळ्यात काम नसले तरी संगणक रोज तासभर चालू ठेवावा. त्याच्याच उबेने ओल सुकते. पेटी जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकून ठेवू नये. शिंप्याच्या दुकानात दोऱ्यांचा कचरा, सुताराकडे भुसा, बेकरीत मैदा आणि काजूच्या कारखान्यात भाजणीचा तेलकट धूर पंख्यांत बसतो. म्हणून मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पेटी उघडून वाऱ्याने साफ करावी. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा. विजा चमकू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढावीत, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. दुकान बंद करताना हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी. पेन ड्राइव्ह दोन असावेत. एक दुकानात, एक घरी. ज्या भावाची हकिगत वर सांगितली, त्यांनी दोन वर्षांची बिले एकेक करून पुन्हा भरली. त्यात सारा रमजान महिना गेला. आता रोज रात्री शटर ओढण्याआधी ते खिशातला पेन ड्राइव्ह चाचपून पाहतात.