गावाच्या ग्रुपवर बहिणीची चर्चा

प्रश्न : माझी १९ वर्षांची चुलत बहीण चार दिवसांपासून बेपत्ता आहे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या फोटोसोबत एका मुलाचं नाव जोडून ‘पळून गेली’ असं फिरतंय. काय करावं?

उत्तर : ताई, ग्रुपवर खुलासे देत बसू नका, त्यातून नवे तर्क फुटतात. पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ नोंदवली नसेल तर आजच नोंदवा. चोवीस तास थांबा, असा कायदा नाही. मजकुराचे स्क्रीनशॉट नंबर आणि वेळेसह तपास अधिकाऱ्यांना द्या. त्या मुलाची चौकशी पोलीस करतील; गावकऱ्यांनी त्याच्या दारात जमू नये, हे वडीलधाऱ्यांकडून बजावून घ्या. बदनामीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते.

अशा तर्कांनी काय होतं, त्याचं एक उदाहरण : इंग्लंडमध्ये लँकशायरच्या एका खेड्यातून जानेवारी २०२३ मध्ये एक महिला बेपत्ता झाली. नाना तर्क लढवत अनोळखी माणसं चित्रीकरणाला गावात घुसली, पोलिसांना त्यांना हटवावं लागलं. शेवटी तिचा मृतदेह नदीत सापडला. अपघाताने बुडाल्याचा निष्कर्ष निघाला. घरच्यांनी मात्र तोवर किती सोसलं!

तुमची बहीण सज्ञान आहे. ती स्वतःहून गेली असली, तरी परतीची वाट ग्रुपवरच्या चर्चेने बंद होते. ॲडमिनला भेटून फोटो आजच काढायला लावा.