पदकाची कड

परळ, मुंबई

चि. भाच्यास,


वंशावळीचा तक्ता पोचला. शिक्षक, कारकून, गिरणीतले जॉबर, सगळे हुद्द्यासकट आहेत. पणजोबांपुढे मात्र नुसतं 'मिलिटरीत होते'. लालबाग-परळच्या चाळींत अशी घरं पुष्कळ. भिंतीवर खाकीतला फोटो, दसऱ्याला त्याला हार, आणि पलटण कुठली विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

याच परळमधल्या सुभेदार रामजी सकपाळांचं घर आठव. वडील मालोजी फौजेत, स्वतः रामजी लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांकडून सरकारला अर्ज लिहून घेणारे हेच रामजी. डबक चाळीतल्या एकाच खोलीत ते धाकट्या भीमाला, म्हणजे पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांना, रात्री दोनला अभ्यासाला उठवत. त्याच्या पुस्तकांसाठी सासरी गेलेल्या लेकींचे दागिने मागून आणून गहाण ठेवत. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले. पुढे १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब भीमा-कोरेगावच्या स्तंभापाशी उभे राहिले आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बापाचा अर्ज मुलाने विसरू दिला नव्हता.

तेव्हा तक्त्यात हुद्दा लिहून थांबू नये. पेन्शन घेऊन परतलेला माणूस पुढे कुठे राबला, कशासाठी भांडला, तेही यावं.

शोधाची सुरुवात आजीच्या ट्रंकेतून. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. समोरचा राजाचा मुखवटा बघताना ती कड नजरेतून सुटते. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, दोन्ही जपून ठेव. माणूस मराठा लाइट इन्फंट्रीतला असेल तर पत्र बेळगावला, महार रेजिमेंटमधला असेल तर मध्य प्रदेशात सागरला. नंबर हाती असला की पत्राला अर्थ येतो.

नंबराची दुसरी बाजूही आहे. मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचे पलटणीखाली फक्त आकडे. त्या आकड्यांत आपल्या घरातलं कुणी आहे का, हे नातवंडांनाच शोधावं लागतं.

घरात कुणी जहाजावर गेलेलं असेल, तर लांब जायला नको. मस्जिद बंदरच्या खलाशी-गृहात पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. रोज तिथून लोकलने जाणाऱ्यांपैकी फार थोडे आत डोकावले असतील.

रविवारी भिंग घेऊन ये. आजीने पदक चिंचेने घासायला काढलंय. कड वाचून होईस्तोवर तिला थांबवलं आहे.

तुझा,
मामा