आवाज परत का येतो?

पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जा. होड्यांतून मासळी उतरत असते. बाजूला मोटारसायकली उभ्या असतात. मागे मासळी बांधली, किक मारली, की माणूस गावोगाव विकायला निघाला. एप्रिल-मे आला की अशाच गाड्यांवर आंब्याच्या पेट्या दिसतात. आपल्या जिल्ह्यात मोटारसायकल ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. तो घरचा कमावता बैल आहे म्हणा ना!

म्हणून इंजिनात टकटक सुरू झाली, की मालकाच्या छातीतही टकटक होते. तो गाडी मेस्त्रीकडे नेतो. मेस्त्री पाना लावून काही तरी पिळतो. आवाज जातो. पंधरा दिवसांनी परत येतो. पुन्हा मेस्त्री, पुन्हा पैसे. तिसऱ्या खेपेला कोणी तरी सांगतो, "आता इंजिनच खोलायला हवं." मालक घाबरून हो म्हणतो.

जरा थांबा. इंजिन खोलणे सोपे आहे. खोललेले इंजिन पहिल्यासारखे बसवणे सोपे नाही. आधी नीट ऐका.

गाडी मधल्या स्टँडवर लावा. गिअर काढा. इंजिन सुरू करा. उभ्या गाडीत आवाज येतो का? येत नसेल, चालत्या गाडीतच येत असेल, तर दोष बहुधा इंजिनात नाही. चेन पाहा, चाके पाहा, ब्रेक पाहा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात समुद्राचा खारा वारा. चेन गंजते, कोरडी पडते, सैल होते आणि कव्हरवर आपटते. सायलेन्सरचा नट ढिला झाला, तर उभ्या गाडीतही फटफट आवाज येतो. असे आवाज पाना आणि तेल घेतले की जातात. त्यासाठी इंजिन खोलणे म्हणजे कौल गळते म्हणून घराचा पाया उकरणे!

उभ्या गाडीत आवाज येत असेल, तर क्लच दाबून पाहा. दाबल्यावर आवाज बदलला, तर मेस्त्रीला नेमके हेच सांगा. दोष क्लचच्या बाजूला असू शकतो.

आता इंजिनाच्या आत डोकावू. उखळात मुसळ वरखाली होते, तसा सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. मात्र मुसळापेक्षा त्याची घाई फार. गाडी बऱ्या वेगात असली, की तो मिनिटाला चार हजार वेळा वर जातो आणि तितक्याच वेळा खाली येतो. सिलिंडरच्या डोक्यावर झडपा असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एका व्हॉल्व्हमधून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. व्हॉल्व्ह दाबायला एक छोटी दांडी असते, ती रॉकर. रॉकरच्या टोकाला टॅपेट. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. ही फट वहीच्या कागदाच्या जाडीइतकी, काही गाड्यांत त्याहूनही बारीक असते. इंजिन तापले की धातू फुगतो. त्याला जागा हवी, म्हणून ही फट.

फट वाढली की टिकटिक ऐकू येते. मालक म्हणतो, "मेस्त्री, आवाज अजिबात नको." मेस्त्री टॅपेट घट्ट पिळतो. इंजिन मुके होते. मालक खूश! पण आता व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. पेटलेला वायू तिथून निसटतो आणि व्हॉल्व्ह जळू लागतो. गाडी चढावर ओढत नाही. आमचे मत विचाराल, तर हलकी टिकटिक करणारे टॅपेट परवडले, मुके टॅपेट नको. ही फट फिलर नावाच्या पातळ पट्टीने मोजतात. ती इंजिन थंड असताना मोजायची असते. म्हणून गाडी संध्याकाळी सोडून यावे आणि सकाळी पहिले काम आपले करायला सांगावे.

टिकटिकऐवजी खरखर येत असेल, तर टायमिंग चेनचा संशय घ्यावा. ही चेन इंजिनाच्या आत असते. ती झिजली असेल, तर टॅपेट कितीदाही करा, आवाज राहणारच. सकाळी थंड इंजिनात ठकठक येते आणि गाडी तापली की कमी होते, असेही होते. तिथे पिस्टन आणि सिलिंडर झिजलेले असू शकतात. आंबा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये इंजिन खडखडले, तर आधी गिअर उतरवा. ओझे झेपत नाही, म्हणून ते कुरकुरते.

एक आवाज मात्र अंगावर काढू नये. इंजिनाच्या तळातून जड ठोके येतात. ओझे वाढले, की ठोकेही वाढतात. हा ठोका बहुधा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो. गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घालून न्या. रॉड तुटला, तर तो इंजिनाचे कवचही फोडतो.

मग आवाज परत परत का येतो? हे बोलणे ऐका.

"मेस्त्री, टॅपेट दोनदा केलं. आवाज परत येतोय हो."

"ऑइल कधी बदललंत, काका?"

"गेल्या गणपतीत, की शिमग्याला... आठवत नाय."

"त्याला किती किलोमीटर झाले?"

"ते कुठं लिहून ठेवलंय!"

मेस्त्री ऑइलची पट्टी काढून पाहतो. टोकालाही ऑइल लागत नाही.

शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ऑइल लिटरभरही नसते. त्यातले पावशेर-अर्धा शेर कमी झाले, तर उरले किती? उरलेले काळे, पातळ ऑइल वरच्या भागाला पुरत नाही. रॉकर आणि कॅम कोरडे घासतात. फट पुन्हा वाढते. तापावर पट्टी ठेवली, रोग तसाच राहिला. ऑइल दर आठवड्याला पाहावे. कसे पाहायचे, ते गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. ऑइल मोटारसायकलचेच घ्यावे. मोटारीच्या ऑइलने बऱ्याच मोटारसायकलींचा क्लच घसरू शकतो. चिरेखाणीच्या रस्त्याने जात असाल, तर एअर फिल्टरही लवकर साफ करावा. ती लाल धूळ इंजिनात गेली, की सिलिंडर घासून काढते.

आता मोठा प्रश्न. ऑइल सारखे कमी होते. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मेस्त्री म्हणतो, "हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे सिलिंडर, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचे वरचे काम. फुल इंजिन म्हणजे खालच्या क्रँकसह सगळे काम. हो म्हणण्याआधी विचारा, "सिलिंडर मोजलात का?" सिलिंडर झिजला असेल आणि नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर धूर आणि आवाज दोन्ही परत येतील. तिथे पैसे वाचवू नयेत. कामाचा अंदाज आधी कागदावर लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. पक्के बिल घ्या. बिल हातात असेल, तर तक्रार करता येते. त्यासाठी ग्राहकांचा सरकारी फोन नंबर १९१५ आहे.

मग आर.सी. पाहा. घरच्या मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी आर.टी.ओ.कडे दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. समजा, गाडी विकून १८,००० रुपये येतील आणि इंजिनाला १२,००० लागतील. चासी खाऱ्या वाऱ्याने कुजली असेल, तर हे १२,००० मातीत गेले. चासी धड आहे, कागद धड आहेत, तर मात्र काम करावे. १२,००० रुपयांत नवी गाडी येत नाही, नव्या गाडीचे हप्ते सुरू होतात. वेळही पाहावी. आंब्याच्या दिवसांत इंजिन खोलून बसू नये. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा गाडी आठ दिवस मेस्त्रीकडे राहिली तरी पोटाला चिमटा बसत नाही. पण तळातला तो जड ठोका असेल, तर थांबू नये.

तुम्हाला आता लिहिता येते. एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: तारीख, किलोमीटर, काम. नोंद अशी करा:

५ जून. ३१,२००. ऑइल बदलले, टॅपेट केले.
२ जुलै. ३२,०५०. टिकटिक परत. ऑइल पट्टीवर पुरेसे.

वजाबाकी करा. ३२,०५० वजा ३१,२००, म्हणजे ८५०. नवे ऑइल पुरेसे असूनही साडेआठशे किलोमीटरमध्ये आवाज परत आला. ही वही मेस्त्रीपुढे ठेवा आणि सांगा, "या वेळी नुसतं टॅपेट पिळू नका. वरचं कव्हर काढून कॅम आणि रॉकर किती झिजलेत, ते मला दाखवा."