बुद्धीची अमानत आणि उतारवय

हिंगोली–वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका असो वा अन्य कोणतेही गाव, घरातील वडीलधारे अस्रची नमाज अदा करून परततात आणि थोड्याच वेळात पुन्हा विचारतात, "अस्रची वेळ झाली का?" घरची मंडळी आधी हसतात, मग चिडतात आणि शेवटी म्हणतात, "म्हातारपणी असे व्हायचेच." वास्तविक वारंवार होणारा असा विसर हे केवळ वय नव्हे, तो स्मृतिभ्रंश हा आजारही असू शकतो.

माणूस सर्व काही जाणून पुन्हा काहीच न जाणणारा होतो, अशा वयाचा उल्लेख दिव्य कुरआनात (१६:७०) आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या अवस्थेपासून अल्लाहचे शरण मागितले. ज्यापासून शरण मागावयाचे, त्यापासून बचावाचा प्रयत्न करणे हेही आपले कर्तव्य ठरते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे; शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' आयोगाने १४ धोके नोंदविले. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा, कमी ऐकू येणे, व्यायामाचा अभाव व एकाकीपणा हे त्यांपैकी काही. हे सर्व धोके दूर झाल्यास जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे.

रक्तदाब व साखर मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब करतात. म्हणून सुरुवात साठीत नव्हे, चाळिशीतच करावी. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी व मूठभर शेंगदाणे हे आपले साधे अन्न उत्तम आहे. मीठ, वनस्पती तूप व गोड चहा यांना आवर घालावा. खा-प्या, पण अतिरेक करू नका, ही कुरआनची (७:३१) शिकवण येथेही लागू पडते. हिंगोलीची हळद प्रसिद्ध असली, तरी तिने हा आजार टळतो असे सिद्ध झालेले नाही. मशिदीत पायी जावे, चारचौघांत मिसळावे. अजान नीट ऐकू येत नसेल तर कानांची तपासणी करून घ्यावी.

एवढे करूनही आजार आलाच, तर तो पापाचे फळ समजू नये. ज्याची बुद्धी हरपली, त्याच्यावरून शरीअतनेही जबाबदारी उचलली आहे. मग आपण त्याला जाब का विचारावा? वृद्ध मातापित्यांना 'उफ्'देखील म्हणू नका, हा आदेश (१७:२३) अशाच क्षणांसाठी आहे. अब्बांनी दहाव्यांदा विचारले, तरी दहाव्यांदाही हळुवारपणे सांगावे, "अब्बा, नमाज झाली आहे."