पावसाआधी कोठी लावून घ्या

ताईंनो, मृग तोंडावर आला की आपली धावपळ सुरू होते. पापड-कुरडया झाल्या, तिखट झालं, गहू आला, तूर भरडून झाली. सगळं घरात आणून टाकलं की जागा मिळेल तिथं ठेवायचं आणि दिवाळीपर्यंत शोधत बसायचं, असं बहुतेक घरांत चालतं. या महिन्याच्या पाठात आपण कोठीची मांडणी बघू. फडताळ असो, माळा असो की स्वयंपाकघराचा एक कोपरा असो, रीत एकच.

आधी सगळं बाहेर काढा. अर्धवट काढून उपयोग नाही, कारण जुन्या पोत्याच्या शिवणीत, फळीच्या फटीत आणि डब्याच्या कडेला बसलेले किडेच नव्या धान्यात जातात. फटी बुजवा, भिंतीला चुना मारा. पोती परत वापरायची असतील तर उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. खताची, औषधाची गोणी किंवा डबा मात्र कितीही धुतला तरी धान्याला वापरायचा नाही. रंगाच्या बादल्यांचंही तेच. दिसायला मजबूत असतात, पण खाण्याच्या वस्तूंसाठी त्या केलेल्याच नाहीत.

धान्य वाळलं की नाही ते दातानं बघा. दाणा कट्ट आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन द्या. साठवणीच्या गव्हात ओल 12 टक्क्यांच्या वर नको असं जे सांगतात, त्याची घरगुती परीक्षा हीच. एक गोष्ट पुष्कळ घरांत चुकते. उन्हातून उचललेलं गरम धान्य तसंच कोठीत भरतात. आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि वरचा थर बुरसतो. संध्याकाळी सावलीत पसरून ठेवा, पूर्ण गार झालं की भरा. कडुनिंबाचा पालाही सावलीत वाळवलेलाच घाला. ओला पाला घातला तर आपणच ओल आत नेली असं होतं.

गव्हा-तांदळाचा सोंडा दाण्याच्या आत अंडी घालतो, म्हणून वरून धान्य स्वच्छ दिसतं आणि महिन्याभरानं पीठ पडायला लागतं. कडधान्याचा भुंगा मात्र दाण्याच्या वर अंडी चिकटवतो, आणि पुष्कळदा तो शेतातूनच शेंगेवर बसून येतो. म्हणून अख्खे मूग, चवळी, हरभरा, तूर यांना किलोला छोटा चमचाभर तेल चोळायची आपल्या सासवांची रीत अगदी बरोबर आहे. एरंडेल असलं तर उत्तमच. डाळीला भुंगा त्या मानानं कमी लागतो. त्यामुळे ज्यांची जागा कमी आहे त्यांनी तूर लवकर भरडून डाळ करून ठेवावी.

आता जरा थांबून वाचा. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, ज्यांना आपण सल्फासच्या गोळ्या म्हणतो, त्या घरात आणूच नका. ओल लागली की त्यातून विषारी वायू निघतो. तो खोलीत साठतो, आणि त्याच खोलीत आपण लेकरं घेऊन झोपतो. या विषावर उतारा देणारं औषध नाही, डॉक्टरांच्याही हातात फार थोडं उरतं. घरगुती वापरासाठी या गोळ्यांना परवानगीच नाही. गोदामात त्या जाणकार माणसांच्या देखरेखीखाली वापरतात. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी घेऊ नका. घरात आधीच असतील तर त्यांच्यावर पाणी पडू देऊ नका, पुडी उघडू नका, लेकरांना हात लावू देऊ नका, आणि विल्हेवाट कशी लावायची ते कृषी सहायकांना विचारा. पाऱ्याच्या गोळ्याही पाखडताना दाण्यात राहून गिरणीत जातात, त्याही नकोत.

शेतातली फवारणीची औषधं कोठीत, फडताळाखाली, ‘थोडे दिवस’ म्हणूनही ठेवायची नाहीत. थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच नाही. पांढरी भुकटी आणि मीठ, पीठ, खायचा सोडा यांत रात्रीच्या अंधारात फरक दिसत नाही.

भुईमूग शेंगेतच ठेवा, लागतील तशा फोडा. हिरवट-काळी बुरशी आलेला दाणा वेचून टाका. ते विष यकृताला बाधतं आणि भाजल्या-शिजवल्यानंही जात नाही. शेळीला, कोंबडीलासुद्धा तो घालू नये. बाजरीचं पीठ आठवड्याला पुरेल एवढंच दळा, नाहीतर कडू होतं. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते, मग आपण उगाच सुनेच्या हाताला नावं ठेवतो.

मांडणीचा नियम सोपा आहे. रोज लागतं ते हाताच्या उंचीवर. जड ते खाली, पण जमिनीवर नाही. पोत्याखाली फळ्या घाला आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, म्हणजे ओलही लागत नाही आणि उंदराचं येणंजाणं दिसतं. पापड, कुरडया, सांडगे हलके, ते वर. तिखट-मसाला चुलीच्या किंवा शेगडीच्या वरच्या फळीवर नको, धग लागून रंग आणि वास जातो. तिखटात हिंगाचा खडा ठेवा. मीठ, चिंच, लोणचं चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत, पत्र्याला ते खातात.

नवं आलं की जुनं पुढे ओढा, नवं मागे. रेशनचा गहू-तांदूळही याच रांगेत. माणशी 5 किलोप्रमाणे पाच जणांचे 25 किलो येत असतील, तर ते पुढे आणि घरचं वर्षाचं धान्य मागे. वर्षाच्या कोठीत रेशनचं ओतून मिसळू नका. एकाची कीड दुसऱ्याला लागते.

डब्यांवर नाव आणि भरल्याचा महिना लिहा. शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या, अक्षर छान येतं. घरातल्या आजीला वाचता येत नसेल तर त्याच वस्तूचे चार दाणे डिंकानं डब्यावर चिकटवा, झालं काम. याचा फायदा मोठा आहे. तुम्ही बैठकीला किंवा बँकेत गेलात की ‘साखर कुठंय?’ म्हणून फोन येणार नाही. घरातल्या पुरुषांनाही डबा सापडला पाहिजे, आणि सापडला की चहाही करता आला पाहिजे.

देखणेपणासाठी नवीन डब्यांचा संच हप्त्यानं घ्यायची गरज नाही. पूर्वी मातीच्या मडक्यांची उतरंड असायची, मोठं खाली, लहान वर. पितळी डबे घासून ओळीनं लावलेले असायचे. शोभा होती ती ओळीची. आहेत तेच डबे उंचीप्रमाणे लावा. फळीच्या कडेला जुन्या साडीचा काठ लावा. पारदर्शक बरण्या डाळींना चांगल्या, संपत आलं ते लगेच दिसतं, फक्त ऊन येतं तिथं ठेवू नका.

फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा आणि दोऱ्यानं पेन्सिल बांधा. जे संपत आलं त्याचं नाव तिथं लिहा. ही यादी पुढच्या बैठकीला घेऊन या. आठ-दहा घरांना तेल, गूळ, साखर एकदमच लागत असेल, तर तालुक्याहून ठोक भावानं एकत्र आणता येईल. भाडं वाटून घ्या. पैसे आधी गोळा करा, वजन सगळ्यांसमोर करा, आणि या खरेदीचा हिशोब सचिवताईंनी वेगळ्या पानावर लिहावा. बचतीच्या पैशात तो मिसळू नये.