खेळातलं चित्र आणि नाटकाचा पडदा

मुलांच्या हातात गेम दिसला की आपण "बंद कर ते!" म्हणतो. एक दिवस जरा उलट करून बघा. 1998 सालचा 'बाल्डर्स गेट' हा जुना गेम यूट्यूबवर लावा आणि मुलांना लढाई सोडून मागचं चित्र बघायला सांगा. ही चित्रं आधी संगणकावर त्रिमितीत उभारली आणि मग कलाकारांनी त्यांवर हाताने रंगकाम केलं. त्याआधी, 1990 च्या 'किंग्ज क्वेस्ट 5' मध्ये तर कागदावर रंगवलेली चित्रंच स्कॅन करून वापरली होती.

आपल्याला हे नवीन नाही. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून 'पेंटर' झाले. पुढे त्यांनीच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' केला. सपाट कापडावर लांबच लांब राजवाडा उभा करायचा, तर यथार्थदर्शन पक्कं हवं. पण पडद्याची एक अडचण असते. नट मागे सरकत पडद्याला टेकला, की दूरच्या खांबापुढे तो राक्षसाएवढा दिसतो! कारण चित्रातला खांब लहान होत जातो, माणूस होत नाही.

गेमवाल्यांनी यावर युक्ती काढली. त्यांनी वरून तिरकं बघितल्यासारखं चित्र काढलं. ढोबळमानाने त्याला आयसोमेट्रिक म्हणतात. त्यात समांतर रेषा समांतरच राहतात, दूरची वस्तू लहान होत नाही. त्यामुळे पात्र कुठेही उभं राहिलं तरी मापात बसतं. दहा मिनिटं फळ्यावर दोन्ही प्रकारचे ठोकळे शेजारी शेजारी काढा. हा फरक पुस्तकातल्या व्याख्येने कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुलांना प्रश्न टाका: चित्र सपाट, मग पात्र खांबामागे लपतं कसं? उत्तर लगेच सांगू नका. खरं तर त्या चित्राखाली आणखी एक न दिसणारा नकाशा असतो. कुठे चालता येतं, कुठे भिंत, कुठे पाणी, हे त्यात वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेलं असतं. चित्रातला कोणता भाग पात्राला झाकेल, याचीही नोंद वेगळी असते.

हेच कागदावर करता येतं. आपल्या दुर्गाडी किल्ल्याचं तिरकं चित्र मुलांकडून काढून घ्या. दरवाजा, बुरूज, एखादं झाड, खाडी, बस. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून चालायची जागा हिरवी, अडथळे लाल करा. मग बुरूज आणि झाड वेगळ्या कार्डावर काढून, कापून, फक्त खालच्या कडेने मूळ चित्रावर चिकटवा. पुठ्ठ्याचा छोटा मावळा हिरव्यावरून सरकवला की तो बुरजामागे जातो आणि पलीकडून निघतो. हा क्षण लहानांनाच काय, नववीतल्यांनाही आवडतो.

सावल्यांवर मात्र लक्ष ठेवा. उजेड कोणत्या बाजूने येतो हे रंगवण्याआधीच ठरवून घ्या, नाहीतर झाडाची सावली डावीकडे आणि बुरजाची उजवीकडे पडते. रंगकाम झाल्यावर ते सुधारत नाही. वेळ दोन तासिका, खर्च म्हणाल तर ट्रेसिंग पेपर आणि जुन्या लग्नपत्रिका.