टारफुल्याची चार झाडं



लातूर-नांदेडच्या शिवारात फिरताना एक उत्तर आम्हांस हमखास ऐकायला मिळतं, "चारच तर झाडं हैत, काय होतंय त्यानं?" गोष्ट असते टारफुल्याची. ज्वारीच्या, उसाच्या बुडाशी वीतभर वाढणारं, पांढऱ्या फुलाचं हे तण. आम्हीही एकदा खोडव्यात ती चार झाडं पाहून पुढे गेलो होतो, हे कबूल करतो.

टारफुला नुसती जागा अडवत नाही. तो पिकाच्या मुळात शिरून रस ओढतो, आणि जमिनीवर दिसण्याआधीच बरंचसं नुकसान करून बसतो. पाणी देऊनही ऊस सुकल्यागत दिसतो आणि आपण दोष देतो खताला! हलक्या, नत्र कमी असलेल्या रानात त्याचा जोर जास्त.

एका झाडाला ५० हजारांपर्यंत बी धरतं, तेही धुळीसारखं बारीक. पिकाच्या मुळाचा पाझर जवळ आल्याशिवाय ते उगवत नाही. दहा-दहा वर्षं मातीत पडून राहतं. म्हणून ज्वारीनंतर ऊस, मग खोडवा, पुन्हा ज्वारी, याला टारफुल्यापुरती तरी फेरपालट म्हणता येत नाही. सगळी त्याचीच पंगत. सोयाबीन आणि कापूस मात्र त्याला फसवतात : बी उगवतं, पण त्या मुळांवर जगता येत नाही, म्हणून मरतं. तरी एका सालात सगळं बी संपत नाही. सोयाबीनमध्ये टारफुला दिसला नाही म्हणजे तो गेला, असं धरू नये.

पहिल्या साली तो झाडाभोवतीच राहतो. पुढे कुळव आणि रोटाव्हेटर माती ओढतात, पावसाचं पाणी उताराला नेतं. कडब्यातून जनावराच्या पोटात गेलेलं बी शेणखतातून जिवंतच रानात येतं. अमेरिकेत कॅरोलिना भागात १९५६ साली मक्यात टारफुला सापडला, तेव्हा अवजारं साफ केल्याशिवाय बाहेर नेण्यास सरकारने बंदी घातली होती.

आपल्याला तूर्त खुरपं पुरे आहे. फूल येण्याआधी उपटावं; तुटलेलं पुन्हा फुटतं, म्हणून दर पंधरवड्यास फेरी मारावी. बोंडं धरलेली झाडं बांधावर किंवा उकिरड्यात न टाकता जाळावीत. टू-फोर-डी फवारणार असाल तर शेजाऱ्याचा कापूस आणि वाऱ्याची दिशा आधी पाहावी. आणि जिथं झाडं सापडली तिथं एक खुंटी ठोकून ठेवावी, पुढच्या साली पहिली फेरी तिथूनच सुरू करता येते.